पायरीत बसवलेली गुरं

माझा उजवा बैल गेला त्या दिवशी मी ठरवलं, की चुलत दिराला त्याच्या नव्या पायरीवर सुखानं बसू द्यायचं नाही. मी मनात उगीच काही ठरवत नाही. जे करायचं ते स्वयंपाकघराच्या दारामागे कोळशानं लिहायचं आणि झालं की ओल्या फडक्यानं पुसायचं, ही माझी लग्नाआधीपासूनची सवय. त्या संध्याकाळी ‘मीठ, कासरा, गोठ्याची कौलं’ याखाली मी ‘दगड’ असा एकच शब्द लिहिला.

बोलताना मी दिराला भाऊजी म्हणत असे, अहो-जाहो करत असे. लिहिताना ते करण्याचं मला काही कारण दिसत नाही.

लढाईची वर्षं होती. माझे मालक लष्करात मोटार चालवायला गेले होते. आज या मुलखात, उद्या त्या, आणि पत्र आलं तर आलं. घरी मी, थकलेल्या सासूबाई, जिरायत रान आणि एक बैलजोडी. आमचं गाव नगरच्या पूर्वेला, कोरड्या भागात. होळी झाली की ओढ्यात वाळू उरते. गुरांना प्यायला पाणी एकाच जागी : गावामागच्या डोंगराच्या कुशीत एक झरा आहे, तो वैशाखातही आटत नाही. चाराही त्याच अंगाला. तिकडे जाणारी गुरांची वाट दिराच्या शेतातून जाते. त्याच्या शेतातून म्हणजे, वाट आधीची आणि शेत नंतरचं.

ही वाट जिथं डोंगरावर चढते, तिथं काळ्या फत्तराचा एक सपाट थर उघडा पडलेला आहे. त्यावर गुरं कोरलेली आहेत. मोठमोठ्या वशिंडांची, लांब शिंगांची, एकामागून एक चाललेली. पाय काठीसारखे बारीक आणि अंग मात्र भरलेलं. त्यांच्या बाजूनं एक वाकडी रेघ जाते आणि रेघेच्या कडेनं वाटीएवढे गोल खळगे आहेत. ते बोट घालून पाहिले तर आतून गुळगुळीत लागतात. एकदा नगरहून टोपी घातलेले एक शिकलेले गृहस्थ आले होते. वाकून वाकून पाहून म्हणाले, हे लोखंड माहीत नव्हतं त्या काळातलं, दगडानं दगड ठोकून केलेलं. गावातले म्हणतात, गवळी राजाची गुरं आहेत, रात्रीतून दगड झाली. मला दोन्ही चालतं. माझं स्वतःचं मत असं, की ज्यांनी ती कोरली त्यांनाही पाण्याचीच काळजी होती. त्या थरावर उभं राहिलं की झऱ्याभोवतीची हिरवळ पहिल्यांदा दिसते. त्याच्या अलीकडे पाऊलभरही ती दिसत नाही. कोरलेल्या सगळ्या गुरांची तोंडं तिकडेच होती. तहानलेला कळप घेऊन परमुलखातून कुणी आला तर त्याला कळावं, की आलंच आता, थोडं चढा.

या खडकाला आमच्या गावात पोळ्याला मान. बैल सजवून आधी तिकडे न्यायचे. प्रत्येक घराचा एकेक खळगा ठरलेला. तो गुळाच्या पाण्यानं भरायचं काम बायकांचं; सासूनं दाखवलेला खळगा सून भरते, दुसऱ्याच्या खळग्याला हात लावत नाही. बैल तो चाटतो, मग झऱ्यावर पाणी पितो, मग घरी येऊन पुरणपोळी खातो. आणि ज्या दगडावर खळगे भरतात तिथं जायची वाट गुरांची. ती कुणी नांगरायची नाही, कुणी अडवायची नाही. हे कुठल्या कागदावर नव्हतं, पण तलाठ्यालाही ठाऊक होतं.

दिरानं लढाईत हात धुऊन घेतले. भिंगारच्या छावणीकडे लष्करी रस्ते होत होते, त्यांना खडी लागे. त्यानं डोंगराच्या या अंगाला खाण घातली आणि निम्मं गाव त्याच्याकडे खडी फोडायला जाऊ लागलं. मग त्याचं घर झालं. घडीव जोतं, सागवानी खांब, हिरवा रंग. आणि त्या मार्गशीर्षात त्यानं कोरलेल्या थराखाली पाचरी ठोकल्या, गुरांचा आणि खळग्यांचा अख्खा पापुद्रा सोडवला, चार बैलजोड्या लावून खाली आणला आणि आपल्या दारात पायरी म्हणून बसवला. माणूस आडवा झोपेल एवढी शिळा. गुरं वरच्या बाजूला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशी.

मी पाहायला गेले. तो ओसरीत पान लावत बसला होता.

“या वहिनी. बघा कशी शोभा आली.”

“भाऊजी, हा गावाचा दगड.”

“गावाचाच हाय की. मी काय खिशात घातला? डोंगरावर उन्हातान्हात पडला हुता. देव घरी आणला म्हणा.”

“मग पोळ्याला बैल कुठं न्यायचे?”

“आता कोन जातंय वर?” तो हसला. “लोकं दमलेत वहिनी. घरच्या घरी पोळी चारा. बैलाला काय, पोळी मिळाल्याशी मतलब.”

मी त्याच्या हसण्याकडे पाहिलं आणि मूर्खासारखी घरी आले. मला वाटलं, याला फक्त शोभा हवी होती. महिनाभरात त्यानं वाट नांगरली. दोन्ही टोकांना बाभळीचे काटे लावले. विचारलं तर म्हणाला, वर आता दगडच नाही, तर वाट कसली? तेव्हा मला त्याच्या पायरीचा अर्थ लागला. खाणीच्या मजुरीवर जगणारं कोण त्याला बोलणार? ज्यांची गुरं होती ते चार दिवस पारावर कुरकुरले, आणि मग ओढ्याच्या पात्रातून, दरडीच्या बाजूनं, लांबच्या वाटेनं गुरं नेऊ लागले.

त्या दरडीवर चैत्रात माझ्या उजव्या बैलाचा पाय दोन धोंड्यांत अडकला आणि मोडला. उतरताना नव्हे, पाण्याकडे चढताना. मी खाली बसून त्याचं तोंड मांडीवर घेतलं. वरून झऱ्याचा ओला वास येत होता आणि तो नाकपुड्या फुलवून तो वास घेत होता. पाणी मी पदर भिजवून आणलं, ते त्यानं चोखलं. एवढंच सांगते. पुढचं सांगायला मला आवडत नाही.

दीर संध्याकाळी भेटायला आला. भावकीची रीत. अंगणात उभा राहून म्हणाला, “वाईट झालं वहिनी. बैल म्हातारा हुता नव्हं?”

“सगळे दात येऊन जुळला त्याला तीनच वर्षं झाली होती, भाऊजी.”

“असंल, असंल,” म्हणाला आणि गेला.

तर ‘दगड’ हा शब्द दारामागे चैत्रात लिहिला, आणि पोळा श्रावणी अमावास्येला. मधल्या दिवसांत मी त्याच्याशी गोड बोलले. एका बैलावर आणि मागून आणलेल्या एका बैलावर पेरणी केली. दिराची बाजरी त्या वर्षी जोमदार आली. जुन्या वाटेवर तर कंबरेच्या वर, कारण तिथं पिढ्यान्पिढ्यांचं शेण मुरलेलं. मी बांधावरून जाताना थांबून म्हणायची, “भाऊजी, पीक काय सुरेख आहे!” त्याला बरं वाटायचं.

माझा बेत साधा होता. तो म्हणाला होता ना, देव घरी आणला? मग देवाकडे जाणाऱ्यांना त्यानं नाही कसं म्हणावं? श्रावण लागल्यावर मी विहिरीवर, दळणाच्या घरी, नागपंचमीच्या झोक्याखाली, जिथं बायका भेटतील तिथं एकच गोष्ट सांगितली : यंदा खळगे दिराच्या दारात आहेत. आपापला खळगा आपण भरायचा, बैल तिकडेच आणायचे, पण मी सांगेपर्यंत कुणी तांब्या वाकडा करायचा नाही. पुरुषांना काही सांगू नका असं मी म्हटलं नाही. त्याची गरजच नव्हती. खळगा बायकोच्या हातचा, ती नेईल तिकडे बैल. एका म्हातारीनं विचारलं, “अगं पण त्याचं अंगण मावंल का समद्या बैलांना?” मी म्हटलं, “मावणार नाही, आत्या. तेच तर.” तिला इतकं हसू आलं की तिला धरून बसवावं लागलं.

मी क्रमही लावून दिला. मारका बैल ज्यांचा ते शेवटी, आणि तोही सागवानी खांबाच्या बाजूला. गाभण म्हैस कुणी आणायची नाही. पोरं अंगणाच्या कडेला, पायात येता कामा नयेत. कुणाला लागलं असतं तर सगळा दोष माझ्यावर आला असता, आणि रास्तच.

पोळ्याच्या दुपारी ढोल वाजायला लागला तेव्हा दीर नवा फेटा बांधून दारात उभा होता. आपल्या जोडीला ओवाळून घ्यायचं आणि ओसरीत बसायचं, असा त्याचा विचार असावा. पहिली जोडी गेटातून आत आली तेव्हा तो हसून म्हणाला, “या या.” दुसरी आली. तिसरी आली. मग त्यानं गल्लीच्या टोकाला पाहिलं. शिंगांना हिंगूळ लावलेली, अंगावर गेरूचे ठसे, पाठीवर झुली, गळ्यात घुंगुरमाळा, अशी गावातली सगळी बैलं त्याच्या घराकडे वळत होती, आणि प्रत्येक जोडीपुढे हातात तांब्या घेतलेली एक बाई.

“हे काय चाललंय?” त्यानं मला विचारलं. मी सगळ्यांत पुढे, माझा एकटा बैल घेऊन उभी होते. मालक परमुलखात, तेव्हा कासरा माझ्याच हातात होता.

“पोळा,” मी म्हटलं.

“इथं?”

“तुम्हीच म्हणालात, देव घरी आणला.”

अंगण भरलं. मग ओसरीच्या कडेपर्यंत बैल आले. एकानं कुंडीतली तुळस खाल्ली. दोघांनी नव्या जोत्याला अंग घासलं आणि गेरू तिथं ठेवून गेले. शेण पडू लागलं, आणि बैल मुतायला लागला की मध्येच थांबवता येत नाही. मारक्यानं हिरव्या खांबावर शिंगं पारखून पाहिली, खांबाचा टवका उडाला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, “लाकूड बरं हाय!” पायरीवरच्या दगडी गुरांवर खरी गुरं येऊन उभी राहिली होती, चाटायला जीभ बाहेर काढून. खळगे रिकामे होते. बायका तांबे घेऊन स्तब्ध.

माझी जाऊ, त्याची बायको, आतून धावत आली. हाताला पुरण लागलेलं. “आक्का, एवढ्या बैलांना पोळ्या कुठनं आणू? दारात आलेल्याला नैवेद्य द्यायला नको का?”

“द्यायला हवाच,” मी म्हटलं. “दरवर्षी.”

ती रडवेली झाली. तिचा काही अपराध नव्हता आणि मला तिचं वाईट वाटलं, पण थांबण्याइतकं नाही.

दीर लबाड असेल, मठ्ठ नाही. ‘दरवर्षी’ हा शब्द त्यानं बरोबर ऐकला. त्यानं बायकांच्या हातातल्या तांब्यांकडे पाहिलं, मग गेटाकडे, मग रस्त्याकडे. खळगे एकदा इथं भरले की ही जागा गुरांची, आणि इथवरची वाट गुरांची. गेट काढावं लागेल. अंगण सोडावं लागेल. शेतातली वाट त्यानं ज्या रीतीनं मारली, त्याच रीतीनं ती त्याच्या घरात येऊन उभी राहिली होती.

“वहिनी,” तो हळू आवाजात म्हणाला, “तांबे नका वतू.”

“मग कुठं ओतू?”

“दगड वर नेतो. उद्या नेतो. चार जोड्या लावतो.”

“पोळा आज आहे, भाऊजी. बैल चाटल्याशिवाय उपाशी. आज खळगे भरायचे. इथं नाहीतर वर.”

“आज बैल जुंपता येतो का?” तो ओरडला. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवणारा माणूस आमच्या मुलखात अजून जन्मायचा आहे. हे मला पोळ्याआधीही माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर याच वाक्यासाठी मी चैत्रापासून थांबले होते.

“बैल कशाला?” मी म्हटलं. “मोटेचे नाडे आणलेत. ओंडके गाडीत आहेत. माणसं आहेत.”

त्यानं आपल्या खाणीतल्या मजुरांकडे पाहिलं. ते आपापले बैल धरून उभे होते. त्यांतला एक म्हणाला, “मालक, आम्ही लावू की हात. पन आज सुट्टी हाय, तवा तुमी म्होरं ऱ्हावा.” आणि अंगणात हशा झाला, तो काही एका माणसाचा नव्हता.

पहारींनी पायरी उचकटली. तिच्याखाली ओंडके सरकवले, नाडे बांधले. नवा फेटा सोडून माझ्या दिरानं पुढचा नाडा खांद्यावर घेतला. मागे त्याचे दोन भाऊ, मग मजूर, मग ज्यांची गुरं दरडीवरून जात होती ते सगळे. त्यानं नाडा नीट बसवायला खांदा हलवला, तेव्हा मी त्याच्या जवळून जाताना म्हटलं, “भाऊजी, काल खांदेमळणी करून घेतली होती का?”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते : पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळतात. त्याला खांदेमळणी म्हणतात.

त्याच्या मानेची शीर फुगली, आणि मला ती पाहून जेवल्यासारखं वाटलं.

काट्यांचं कुंपण त्यानं स्वतः ओढून बाजूला टाकलं, कारण दुसरा कुणी पुढे होईना. मग शिळा बाजरीत शिरली. ओंडके फिरत होते, ताटं मोडत होती, कणसं चिरडत होती, आणि मागून ढोल आणि सगळ्या गावची बैलं. बैलांना उभं पीक तोंडाशी आलेलं. कुणी त्यांना आवरलं नाही. शिळा त्या शेताच्या पलीकडे पोचली तेव्हा मागे जुनी वाट होती, अगदी पूर्वी होती तेवढी रुंद. वळण घेताना एका मजुरानं विचारलं, “आता कुनीकडं?” आणि दीरच म्हणाला, “डावीकडं, बांधाच्या अंगानं. वाट तिकडनंच हाय.” नांगरलेली वाट त्याला इंच न् इंच ठाऊक होती.

चढावर हाल झाले. ते मी सावकाश पाहिले. दोनदा शिळा मागे सरकली, एकदा त्याचा पाय घसरला आणि गुडघा फुटला. मी तांब्यातलं गुळाचं पाणी त्याला दिलं नाही. ते बैलांचं होतं. एका म्हाताऱ्यानं दिलं.

थरावर शिळा बसली खरी, पण पहिल्यासारखी नाही. ती उचलल्यावर खालचा भाग खडीसाठी फोडून नेलेला होता, त्यामुळे तिला जागाच नीट उरली नव्हती. आडवी-तिडवी फिरवून पाहिली. ज्या बाजूनं ती हलेनाशी झाली, त्या बाजूनं बसवली. आता कोरलेल्या गुरांची तोंडं झऱ्याकडे नाहीत. जरा खाली, गावाकडे आहेत. इतकी वर्षं, की किती ते नगरच्या गृहस्थांनाही सांगता येईना, ती गुरं पाण्याकडे चालली होती, आणि एका माणसाच्या पायरीपायी ती परतीला लागली. हे मी त्याच्या खात्यावर बैलाखालोखाल ठेवते.

बायकांनी तांबे ओतले. माझ्या सासूबाईंनी दाखवलेला खळगा पाचरीनं अर्धा फुटला होता. मी ओतलेलं पाणी त्यातून गळून रेघेत गेलं आणि रेघेतून वाहत चाललं. माझ्या बैलानं ते वाहतं पाणी पाठलाग करून चाटलं. त्याच्या उजव्या अंगाला, म्हणजे जोडीदाराच्या बाजूला, जागा रिकामी होती. तो सवयीनं तेवढी सोडूनच उभा राहिला होता. मी सारखं करायला त्याला मध्ये ओढलं नाही.

दीर एका धोंड्यावर गुडघा धरून बसला होता. म्हणाला, “झालं समाधान?”

“बैलांना विचारा,” मी म्हटलं आणि झऱ्याकडे गेले.

गावात पुढे बरेच दिवस ही गोष्ट चवीनं सांगितली गेली. समजावणारेही भेटले. भावकी आहे, म्हणाले, आता दोघांनी सोडून द्यावं. जाऊ एकदा पुरणाचं ताट घेऊन आली. ताट मी घेतलं, परत पाठवताना भरून पाठवलं, आणि तिच्याशी माझं चांगलंच राहिलं. पण नवऱ्याविषयी तिनं तोंड उघडलं की मी दुसरा विषय काढला. सोडून द्यायला माझ्याजवळ काही जास्तीचं नव्हतं. एक बैल होता, तो त्यानं नेला.

दुसरा बैल मी दिवाळीनंतर आणला. नवा होता, तरणा होता, थोडा चुकार. मालक रजेवर आले तेव्हा त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, “मी असतो तर भांडलो असतो.” मी म्हटलं, “म्हणूनच बरं झालं, नव्हतात.” ते हसले. पण दुसऱ्या दिवशी बांधावर भावाला भेटले तेव्हा त्याच्याशी बोलले नाहीत, एवढं मी पाहिलं.

थंडी पडली. ओढ्याची धार रोडावली. रोज सकाळी मी जोडी घेऊन त्या वाटेनं झऱ्यावर जाते. दिरानं रब्बीला दोन्ही बाजूंनी ज्वारी पेरली, मध्ये वाट सोडून. अगदी काटेकोर सोडली, आणि एका जागी पेरणीचं तास वाटेत आलं तर मी त्याला बोलावून दाखवलं आणि मोडून घेतलं. सकाळी तो बहुधा शेतात असतो. मी येताना दिसले की खुरपं घेऊन खाली बघतो. नव्या बैलाला एक खोड आहे : दिराच्या शेताच्या मध्यावर आला की थांबतो, मान वळवून ज्वारीचा वास घेतो, मग सावकाश मुततो, मग उभाच राहतो. पहिल्यांदा मी त्याला हाकला. आता हाकत नाही.

परवा दीर न राहवून म्हणाला, “वहिनी, जरा हाका की त्याला.”

“कशाला भाऊजी?” मी कासरा सैल सोडून म्हटलं. “त्याला सगळं बघू दे. नवा आहे.”

तो खाली वाकला. बैलाचं मन भरेपर्यंत मी तिथंच उभी राहिले.